आमले ऊन लागस का? : गोव्याच्या ट्रायथलॉनला निघालेल्या खान्देशी मित्रांसाठी



काही दिवसांपूर्वी चार जण एकत्र दवाखान्यात आले. चौघंही धडधाकट, वय अडतीस ते बावन्न. एक शाळेत शिक्षक, एक बँकेत, एकाचं इलेक्ट्रिकचं दुकान, एक आडत्या. आजारी कुणीच नव्हतं. गोव्याच्या ट्रायथलॉनसाठी फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं. बीपी पाहिलं, ईसीजी काढला, साखर तपासायला सांगितलं. मग मी विचारलं, "उन्हाची तयारी काय केली आहे?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. धुळ्याचा होता तो हसून म्हणाला, "डॉक्टर, आमले ऊन लागस का?"

सगळे हसले, मीही हसलो. खरंच, मे महिन्यात ४४-४५ अंशांत लग्नाची वरात नाचवणारी माणसं आपण. गोव्यात पारा ३१-३२ च्या पुढे सहसा जात नाही. तिथे आपल्याला काय होणार?

ते गेल्यावर मात्र ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. कारण माझं मत नेमकं उलट आहे. गोव्याच्या शर्यतीत खान्देशी खेळाडूला सगळ्यात मोठा धोका याच वाक्यापासून आहे. असं मी का म्हणतो, ते आज सविस्तर सांगतो. ट्रायथलॉनशी तुमचा संबंध नसला तरी वाचा. तुमच्या घरातलं कुणी पहाटे पाचला बूट घालून बाहेर पडत असेल, तर हा लेख त्या घरासाठीही आहे.

आधी शर्यत काय आहे ते समजून घेऊ

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं, एकामागून एक, मध्ये विश्रांती नाही. गोव्यात २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर 'आयर्नमॅन ७०.३' ही स्पर्धा पहिल्यांदा झाली. कोरोनामुळे दोन वर्षं खंड पडला आणि २०२२ पासून ती पुन्हा सुरू झाली. ७०.३ हा आकडा मैलांचा, म्हणजे एकूण ११३ किलोमीटर. त्यात समुद्रात १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणं. हे सगळं साडेआठ तासांच्या आत संपवायचं. नाही संपलं तर नावापुढे 'पूर्ण केली' असं लागत नाही.

साडेआठ तास म्हणजे भरपूर वेळ वाटतो, पण हौशी खेळाडूला तो काठोकाठ पुरतो. २०२४ साली बंगळूरचे खासदार तेजस्वी सूर्या यांनी ही शर्यत ८ तास २७ मिनिटांत पूर्ण केली, त्याची बातमी तुम्ही वाचली असेल. मुदतीला जेमतेम तीन मिनिटं उरली होती. आपल्याकडचे नोकरी-धंदा सांभाळून सराव करणारे बरेच जण सात ते साडेआठ तासांच्या दरम्यानच बसतात.

आता घड्याळ मांडा. सकाळी सातच्या सुमारास पाण्यात उडी. तासाभरात बाहेर. मग चार तास सायकल. म्हणजे धावायला सुरुवात होते दुपारी बाराच्या आसपास. जळगावात किंवा धुळ्यात तुम्ही हाफ मॅरेथॉन धावता तेव्हा पहाटे सुटता आणि नऊच्या आत घरी पोहे खात असता. गोव्यात तेच २१ किलोमीटर तुम्ही भर दुपारी, पाच तासांची मेहनत अंगावर घेऊन सुरू करता. अंतर तेच असलं तरी ही धाव वेगळीच आहे.

कूलर आणि माठ काय सांगतात

आता मुख्य मुद्दा. तुमच्या घरी कूलर आहे ना? मे महिन्यात तो कसा चालतो? खोलीत शिरलं की जीव थंड होतो. तोच कूलर जुलैच्या शेवटी लावून बघा. हवा थंड तर होत नाहीच, अंग चिकट होतं, गादी ओलसर लागते. मशीन तेच, पाणी तेच. मग बिघडलं काय?

कूलरमधलं पाणी वाळतं तेव्हा ते हवेतली उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असेल तर पाणी भराभर वाळतं. हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर ते वाळतच नाही. माठाचंही तेच. वैशाखात माठातलं पाणी गार आणि श्रावणात कोमट.

आपलं शरीर हा असाच एक कूलर आहे. घामाने शरीर थंड होत नाही, घाम *वाळण्याने* थंड होतं. अंगावरून ठिबकून जमिनीवर पडलेला घाम म्हणजे वाया गेलेलं पाणी आणि वाया गेलेलं मीठ. त्याने शरीराची एक अंशही उष्णता कमी होत नाही.

थोडं गणित करू. ७० किलोचा माणूस ताशी आठ किलोमीटरने धावला तर तासाला साधारण ५५० कॅलरी खर्च होतात. त्यातला चौथा-पाचवा हिस्सा प्रत्यक्ष धावण्यात जातो. उरलेल्या सव्वाचारशे-साडेचारशे कॅलरी म्हणजे निव्वळ उष्णता. ती बाहेर पडलीच नाही, तर शरीराचं तापमान दर सात-आठ मिनिटांना एक अंशाने चढेल. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे तासाला पाऊण लिटर घाम नुसता येऊन चालत नाही, तो वाळायला हवा.

आता दोन गावं शेजारी ठेवा. जळगावची मे महिन्यातली दुपार : ४२ अंश, हवेत आर्द्रता १५ टक्के. गोव्याची पावसाळा संपल्यानंतरची दुपार : ३१ अंश, आर्द्रता ७५ टक्के. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला तर जो आकडा येतो, त्याला ओल्या फडक्याचं तापमान म्हणू. पाणी वाळून जास्तीत जास्त किती गार होता येईल, ते तो आकडा सांगतो. जळगावच्या त्या दुपारी तो येतो साधारण २२ अंश. गोव्याच्या त्या दुपारी २७ च्या वर. त्वचेवरून घाम वाळायला हवेची जी ओढ लागते, ती गोव्यात जळगावच्या मानाने जवळजवळ निम्मी असते.

म्हणून पारा अकरा अंशांनी कमी असूनही धावणाऱ्या शरीराला गोव्याची हवा जड जाते. तुमचा कूलर मे महिन्याच्या खान्देशात तयार झालेला आहे. तिथे तो जुलैतल्यासारखा चालणार.

एक खुलासा करतो, नाहीतर कुणीतरी उलटा अर्थ काढेल. ४२ अंशांत धावणं सुरक्षित आहे असं मी म्हणत नाही. तिथे हवाच अंगाला तापवते, आणि घाम लगेच वाळत असल्याने किती पाणी गेलं ते कळतही नाही. दोन्ही ठिकाणी धोका आहे, पण एकाची सवय दुसऱ्याला पुरत नाही, एवढंच सांगायचं आहे.

आणि खरं सांगा, उन्हाची सवय आहे कुणाला?

उन्हाळी गावात राहणं आणि उन्हात राबणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तुम्ही सराव कधी करता? मेहरूण तलावाभोवती पहाटे साडेपाचला. बांभोरीकडे सायकल काढता रविवारी उजाडताना. लळिंगचा घाट चढता तेव्हा ऊन अजून डोंगराआड असतं. दिवसभर दुकानात पंखा, बँकेत एसी, घरी कूलर. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात गार तासात तुम्ही घाम गाळता आणि सगळ्यात गरम तासात सावलीत बसता. यात चूक काही नाही, शहाणपणच आहे. पण याला उन्हाची सवय म्हणता येत नाही.

शरीराला उष्णतेत *मेहनतीची* सवय लागायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात रक्तातला पातळ भाग वाढतो, घाम लवकर सुटतो, घामातलं मीठ कमी होतं, तेवढ्याच वेगाला नाडी कमी पळते. ही सवय टिकाऊ नसते. सराव थांबला की दोन-तीन आठवड्यांत बरीचशी उतरते. मे महिन्यात कमावलेली सवय ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत उरत नाही. आणि नोव्हेंबरात तर आपल्याकडे पहाटे स्वेटर निघालेले असतात. तिथून रेल्वेने थेट दमट किनाऱ्यावर.

बहुतेकांचा बेत कसा असतो? शुक्रवारी भुसावळहून गोवा एक्स्प्रेस पकडायची, शनिवारी सायकल जोडायची, नंबर घ्यायचा, फोटो काढायचे, रविवारी शर्यत. शरीराला नवीन हवा समजायला मिळतो एक दिवस, आणि तोही अर्धवट झोपेचा.

शेतातला उष्माघात वेगळा, शर्यतीतला वेगळा

आपल्याकडे उष्माघात म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते चित्र असं : शेतात किंवा घरात म्हातारं माणूस, अंग भट्टीसारखं तापलेलं, कातडी कोरडी ठणठणीत. हे चित्र बरोबर आहे, पण खेळाडूत असं दिसेलच असं नाही. शर्यतीत उष्माघात झालेल्या माणसाला घाम चालूच असू शकतो. अंग ओलं, हाताला गारही लागेल. "घाम येतोय ना, मग उष्माघात कसला?" या एका समजुतीने मोलाची वीस मिनिटं जातात.

खेळाडूत पहिली खूण डोक्यात दिसते. माणूस चिडचिड करतो, भलतंच बोलतो, वाट चुकतो, झोकांड्या खातो. उन्हात अंगावर काटा येतो, हुडहुडी भरते. "मी बरा आहे" असं तो नक्की म्हणणार, कारण बरं-वाईट ठरवणारा मेंदूच तापलेला असतो. म्हणून त्याच्या शब्दावर जाऊ नका. त्याला त्याच्या गाडीचा नंबर विचारा, मुलीची इयत्ता विचारा. उत्तर अडखळलं तर शर्यत तिथेच संपली.

काखेत थर्मामीटर लावून ९९ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. ओल्या त्वचेवर काखेतला आकडा फसवतो. आतलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर आणि डोकं ठिकाणावर नाही, याला उष्माघात म्हणतात. त्यावर उपचार एकच : आधी थंड करा, मग हलवा. बर्फाच्या पाण्याचा टब सगळ्यात उत्तम. नसेल तर सावलीत झोपवून सतत गार पाणी ओता, बर्फाच्या पाण्यात पिळलेले टॉवेल डोक्यावर, मानेवर, काखेत, जांघेत बदलत राहा आणि वारा घाला. पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आलं तर माणूस बहुधा पूर्ण बरा होतो. तो अर्धा तास ॲम्ब्युलन्सची वाट पाहण्यात गेला तर मूत्रपिंड, यकृत आणि मेंदू किंमत मोजतात. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा इथे काहीही उपयोग नाही. हा तापच वेगळा आहे.

पाणी भरपूर प्या? नाही, बेताने प्या

"पाणी भरपूर पी बरं का!" हा घरून निघताना मिळणारा सल्ला. हळू चालणाऱ्या खेळाडूसाठी तो घातक ठरू शकतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यतीनंतर तपासलं होतं. त्यातल्या १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम प्रमाणाबाहेर कमी झालं होतं. कारण उन्हात नव्हतं. शर्यतीत ज्यांचं वजन *वाढलं*, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी पोटात गेलं, त्यांच्यात हे जास्त दिसलं. आणि चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांतही.

आपण तर सात-आठ तासवाले. प्रत्येक टेबलावर थांबून ग्लास रिचवत गेलो तर मळमळ, डोकेदुखी, गोंधळ आणि शेवटी फिट येऊ शकते. गंमत म्हणजे ही लक्षणं उष्माघातासारखीच दिसतात. त्यामुळे "पाणी कमी पडलं" म्हणून लोक आणखी पाजतात.

उपाय साधा आहे. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करा. तासाभरात ८०० ग्रॅम घटलं आणि मध्ये २०० मिली पाणी प्यालात, तर तुमचा घाम तासाला एक लिटर. हा तुमचा आकडा, शेजाऱ्याचा वेगळा असेल. पिण्याचा हिशोब याच आकड्याच्या आत ठेवा आणि तहानेचं ऐका. नुसतं पाणी नको. ओआरएस, मीठ घातलेलं लिंबूपाणी, सोबत आपलं रावेर-यावलचं केळं. शर्यतीनंतर वजन आधीपेक्षा जास्त भरलं, तर पाणी जास्त झालं असं समजा.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते

वरचं सगळं शास्त्र आहे. आता माझं मत सांगतो. रागावलात तरी चालेल.

काही वर्षांपूर्वी किनारपट्टीवरच्या एका शर्यतीहून परतलेला एक गृहस्थ तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. लघवी चहाच्या काढ्यासारखी काळपट. मांड्या दगडासारख्या. स्नायूंची मोडतोड होऊन त्यातला रंग लघवीत उतरला होता आणि मूत्रपिंडावर ताण आला होता. विचारलं तर कळलं : सायकलवरच उलटी झाली होती. गुडघा दुखू नये म्हणून सकाळी वेदनाशामक गोळी घेतली होती, दुपारी आणखी एक. धावताना थंडी वाजत होती. मी म्हटलं, "थांबला का नाहीस?" तो म्हणाला, "ग्रुपवर सगळे ट्रॅक करत होते, डॉक्टर. गावात बॅनर लागलं होतं."

चार दिवस सलाइनवर राहून तो बरा झाला. नशीब. त्याचं मेडल घरात काचेच्या कपाटात आहे आणि दर सहा महिन्यांनी तो क्रिएटिनिन तपासायला येतो.

आपण जिद्दीची जी गोष्ट सांगतो, तिच्यात काहीतरी चुकतंय. १९८२ साली हवाईच्या आयर्नमॅनमध्ये ज्युली मॉस ही तरुणी पहिल्या क्रमांकावर असताना शेवटच्या टप्प्यात कोसळली आणि रांगत रेषेपार गेली. टीव्हीवर ते दृश्य जगाने पाहिलं आणि त्याने या खेळाला घराघरांत नेलं. तेव्हापासून रांगत पोहोचणं हीच शौर्याची खूण झाली. पण दुसरं दृश्यही आठवा. सप्टेंबर २०१६, मेक्सिकोतलं कोझुमेल बेट, तसाच दमट उकाडा. रिओ ऑलिम्पिकचा रौप्यपदक विजेता जॉनी ब्राउनली पुढे असताना शेवटच्या काहीशे मीटरवर लडखडला. मागून आलेल्या त्याच्या भावाने, ॲलिस्टरने, त्याला खांद्याचा आधार देऊन रेषेपार ढकललं. जगाने भावाच्या प्रेमाचं कौतुक केलं. डॉक्टर म्हणून मी त्यात आणखी एक गोष्ट पाहतो : ऑलिम्पिक दर्जाचा, आयुष्यभर हेच करणारा पंचविशीतला-सव्विशीतला खेळाडू दमट हवेत आपला वेग ओळखायला चुकतो. मग आठवड्यातून आठ तास सराव करणाऱ्या पंचेचाळिशीतल्या आपण किती जपायला हवं?

आणि जॉनीच्या शेजारी भाऊ होता, रेषेवर डॉक्टर होते. तुमच्या शेजारी, पंधराव्या किलोमीटरवर, कोण असेल?

मला वाटतं, याचं उत्तर खान्देशातच आहे. आपला शेतकरी उन्हाला हरवत नाही, चुकवतो. मे महिन्यात तो पहाटे शेतात जातो, अकराच्या आत लिंबाखाली येतो, डोक्याला रुमाल, शेजारी पाण्याची कळशी, आणि चारनंतर पुन्हा उठतो. दुपारी आपल्या बाजारपेठेचीही शटरं अर्धी खाली असतात. पिढ्यान्पिढ्यांचं हे ज्ञान आहे : ऊन आपल्यापेक्षा मोठं आहे. 'आमले ऊन लागस का' असं कष्टकरी माणूस म्हणत नाही. ते आपण म्हणतो, एसीतून बाहेर आलेले.

म्हणून माझी प्रत्येक ग्रुपला एक मागणी आहे. जाण्याआधी आपापला एक 'थांबवणारा' ठरवा. त्या दिवशी न धावणारा मित्र, बायको, भाऊ, कुणीही. त्याने धावण्याच्या मार्गावर उभं राहायचं. त्याने "बस" म्हटलं की बस. वाद नाही, "फक्त दोन किलोमीटर" नाही. हे आधीच, डोकं थंड असताना ठरवायचं, कारण त्या क्षणी तुमच्या डोक्याचा कौल विश्वासाचा नसतो. आणि जो थांबला, त्याचा हार-गुलाल ग्रुपने आधी करायचा. जोपर्यंत थांबलेल्या माणसाला गावात मान खाली घालावी लागते, तोपर्यंत माझ्याकडे काळी लघवी घेऊन लोक येतच राहणार.

तयारीला काय करायचं?

१. सराव भाद्रपदात करा. पाऊस उघडला की आपल्याकडेही दोन-तीन आठवडे चिकट, दमट ऊन पडतं. गोव्याच्या हवेची ती फुकटची तालीम आहे. आठवड्यातून दोनदा सकाळी दहानंतर, अर्ध्या तासापासून सुरू करून, सावकाश आणि जोडीने.

२. जमलं तर पाच-सहा दिवस आधी गोव्यात पोहोचा. तिथे रोज तासभर हलका व्यायाम करा.

३. शर्यतीत जळगावचा वेग विसरा. किलोमीटरमागे ३० ते ६० सेकंद सुरुवातीपासूनच सोडा. नाडीकडे बघा, घड्याळाकडे नको.

४. बर्फ मिळेल तिथे टोपीत आणि मानेवर ठेवा. बर्फ थेट अंगातली उष्णता ओढतो, त्याला कोरड्या हवेची गरज नसते.

५. वेदनाशामक गोळ्या शर्यतीच्या दिवशी नकोत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, कुठलीच नको. बीपीची, लघवी वाढवणारी किंवा ॲलर्जीची गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला.

६. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात ताप किंवा जुलाब झाले असतील तर जाऊ नका. फी बुडाली तर बुडू द्या.

७. आणि समुद्र. आपल्याला तो नाही, आपण तरणतलावात शिकलेले. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमधल्या १९८५ ते २०१६ या काळातल्या १३५ मृत्यूंचा आणि अचानक हृदय बंद पडण्याच्या घटनांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९० घटना पोहताना घडल्या होत्या, आणि बहुतेक चाळिशीच्या पुढचे पुरुष होते. म्हणून चाळिशीनंतर हृदयाची नीट तपासणी आणि शर्यतीआधी खुल्या पाण्यात जाणकाराच्या देखरेखीखाली सराव, या दोन गोष्टींना पर्याय नाही.

मी या खेळाच्या विरोधात नाही, उलट आहे. माझ्या ओपीडीत खेळून आजारी पडलेले वर्षात चार येतात आणि बसून आजारी पडलेले रोज चाळीस. त्या चौघांना मी सर्टिफिकेट दिलं. देताना एक अट घातली : थांबवणाऱ्याचं नाव मला सांगून जा. तिघांनी लगेच बायकोचं नाव सांगितलं. धुळेकर थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "माझी मुलगी. बारावीत आहे. तिचंच मी ऐकतो."

जा, मित्रांनो. मनापासून शुभेच्छा. मेडल मिळालं तर पेढे घेऊन या. नाही मिळालं तरी या, पेढे मी आणून ठेवतो.